मुलाकडे मुंबईस जावे की गावीच राहावे?

गणपती विसर्जन झाले की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हटकून येतो. चाकरमानी मुलगा परतीची गाडी धरण्यापूर्वी आईला किंवा वडिलांना घेऊन येतो, रक्तदाब तपासून घेतो आणि त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून हळूच विचारतो, "डॉक्टर, यांना आता मुंबईला नेऊ का?"

पूर्वी माझे उत्तर तयार असे. "अवश्य न्या. तिथे हाकेच्या अंतरावर इस्पितळ आहे." या उत्तरात काय चुकत होते, ते मला लांजा तालुक्यातील एका काकींनी शिकवले.

काकींचे वय बहात्तर. यजमान गिरणीत होते, ते वारले. रक्तदाब आणि गुडघेदुखी एवढीच त्यांची तक्रार. अंगण झाडणे, परसातल्या अळवाला पाणी घालणे आणि संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येणे हा नेम. एका रात्री चक्कर येऊन त्या पडवीत पडल्या आणि सकाळी शेजारीण आली तेव्हा ते उघडकीस आले. मुलगा घाबरला. मीही "न्या" म्हणालो.

मुलाची जागा नालासोपाऱ्याला, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. शिमग्याला काकी परत आल्या तेव्हा ओळखू येईनात. वजन सहा किलोने उतरलेले, रक्तदाब वाढलेला, झोप नाही, चालताना भिंतीचा आधार. मुला-सुनेचा यात काडीचाही दोष नव्हता. दोघेही पहाटेची लोकल धरीत, ते रात्री परतत. नातू शाळेत आणि क्लासला. चार जिने उतरवत नाहीत म्हणून काकी पाच महिने खोलीतच. मी विचारले, "काय झाले हो काकी?" त्या म्हणाल्या, "डाक्टर, तितं मला कोन वळकतंय?"

वाचकहो, हा एकट्या काकींचा प्रश्न नाही. 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून 2011 चेच आकडे पाहू. दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. म्हणजे 81 हजारांहून अधिक माणसे कमी झाली. इथे दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. हे निसर्गाचे देणे नव्हे. कर्ते पुरुष बाहेरगावी असल्याची ती खूण आहे. गिरण्यांच्या काळापासून मुंबईला माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत आपण अग्रभागी आहोत.

पण गंमत पाहा, याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या अडीच लाखांनी घटली. 1982 च्या संपानंतर गिरण्या उतरणीला लागल्या, पुढे त्यांच्या जागी टॉवर उठले, आणि लालबाग-परळची बरीच मराठी कुटुंबे विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे सरकली. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची (पालघर तेव्हा त्यातच होते) लोकसंख्या 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. म्हणजे आपण "मुलगा मुंबईला असतो" म्हणतो, तेव्हा तो बहुधा मुंबईच्या वेशीबाहेर राहत असतो आणि दिवसाचे तीन-चार तास गाडीत उभा असतो. पूर्वीच्या चाळीत खोली लहान होती, पण सामाईक गॅलरी होती, शेजारी गाववाले होते. नव्या जागेत संडास घरात आला, ही मोठीच सोय झाली. पण दार बंद झाले.

वैद्यकीय दृष्ट्या यात दोन गोष्टी घडतात. म्हातारपणी हालचाल थांबली की मांडीचे स्नायू झपाट्याने उतरतात. मग तोल जातो, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. दुसरे, बोलायला कोणी नसले की भूक आणि झोप जाते. हे उदासीनतेचे दुखणे असते आणि त्यावर उपचार आहेत. त्याला नुसते "वय झाले" म्हणू नये.

मात्र गावच नेहमी बरे, असेही मी म्हणणार नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही डोक्याचा स्कॅन करून. आडवाडीतून हे वेळेत साधणे कठीण. ज्यांना डायलिसिस चालू आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी मोठ्या इस्पितळाजवळ असावे हेच बरे.

म्हणून आता निर्णयापूर्वी मी पुढील गोष्टी सुचवतो.

1. घर विकू वा कायमचे बंद करू नका. आधी दोन महिने राहून पाहा, तेही पावसाळा सोडून.

2. जागा पाहताना विचारा: आईला एकटीने खाली उतरता येईल का? बसायला बाक, देऊळ, चालायला जागा आहे का? खोलीत ऊन आणि वारा येतो का? कोंदट, दाटीच्या जागेत क्षयरोग लवकर पसरतो. घरात कोणालाही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

3. औषधांची चिठ्ठी व जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि जाल तिथे न्या. गाव बदलले म्हणून गोळ्या बंद करू नका.

4. गावी एकटे राहणाऱ्यांनी रात्री उठताना एकदम उभे राहू नये. न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी. दिवा हाताशी असावा. 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

5. रोज सकाळी चौकशी करणारे एक माणूस वाडीत ठरवून ठेवा. मुलाचा फोन रात्री येतो. पडलेल्या माणसाला सकाळ गाठायची असते.

काकी आता गावीच आहेत. गोळ्या वेळेवर घेतात, देवळापर्यंत जातात आणि गेलेले चार किलो परत आले आहेत. शेजारची मुलगी शाळेत जाता जाता रोज हाक मारते. पुन्हा चक्कर येणार नाही, अशी हमी मी मुलाला दिलेली नाही. तशी हमी कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही. पण आता मुलाने विचारले की मी आधी बाहेरच्या बाकावरच्या आईला आत बोलावतो. प्रश्न तिच्यासमोरच विचारला जावा, आणि पहिले उत्तर तिचे असावे.