शेक सुरू होण्याआधी विचारा

गंगेच्या एका तीरावर रामनगरचा किल्ला, तर समोरच्या तीरावर बनारस हिंदू विद्यापीठ. याच विद्यापीठाच्या आवारात १९ फेब्रुवारी २०१९ रोजी महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र सुरू झाले. ते चालवते आपल्या मुंबईचे टाटा स्मारक केंद्र. पूर्वी टाटांचे उपचार हवे असले की रामनगरकरांना थेट परळ गाठावे लागे. आता सामनेघाटचा पूल ओलांडला की झाले.

किरणोपचाराला तिकडे ‘सिंकाई’ म्हणतात, आपल्याकडे ‘शेक’. शब्द फसवा आहे. ओटीपोटावर शेक दिला की स्त्रीबीजे भाजून मरत असावीत, असे वाटते. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोषात दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात. वर्षानुवर्षे ती निद्रिस्त राहतात. ‘टीएपी-६३’ नावाचे प्रथिन त्यांच्यावर पहारा देते. किरणांमुळे डीएनएचे धागे तुटले, की ‘सीएचके-२’ हे दुसरे प्रथिन या पहारेकऱ्याला जागे करते आणि तो बीजालाच मरणाचा हुकूम सोडतो. म्हणजे स्त्रीबीज स्वतःच स्वतःला संपवते! सदोष बीजापासून संतती होऊ नये, अशी ही व्यवस्था. पण पहारेकरी जरा जास्तच कडक म्हणायचा. २०१४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ‘सीएचके-२’ नसलेल्या उंदराच्या माद्यांवर किरण सोडले. त्यांची बीजे वाचली, त्यांना पिल्लेही झाली. स्त्रियांसाठी मात्र असे औषध अजून आलेले नाही.

माणसात निम्मी बीजे मरायला २ ग्रेपेक्षाही कमी मात्रा पुरते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाला ४५ ते ५० ग्रे, साधारण पंचवीस बैठकांत देतात. पहिल्या एक-दोन बैठकांतच काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. (छातीच्या एक्स-रेची धास्ती नको, त्याची मात्रा हजारो पटींनी कमी असते.)

बीजांडकोष शस्त्रक्रियेने वर सरकवून किरणांच्या वाटेतून दूर ठेवता येतात. स्त्रीबीजे गोठवताही येतात. त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. तेवढे थांबणे परवडेल का, हे डॉक्टरच सांगू शकतात. गर्भाशयालाही किरण बाधतात, त्यामुळे मुलाची हमी कोणी देणार नाही. पण बीजांडकोष वाचले, तर ऐन तिशीत पाळी कायमची जाणे आणि हाडे ठिसूळ होणे टळू शकते.

सासूबाई शेजारी बसलेल्या असताना पंचविशीतली सून हे विचारायला लाजते. मग नवऱ्याने विचारावे, आईने विचारावे; पण कातडीवर शेकाच्या खुणा आखण्यापूर्वी.