घरचं मैदान नसलेला विजेता

रत्नागिरी जिल्ह्यातलं टेनिस क्रिकेट भाताच्या मळ्यात उभं राहतं आणि त्याची पहिली तयारी जुलैतच होऊन गेलेली असते. कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी कोंडून चिखलणी केली की मातीची ढेकळं मोडतात, पोकळ्या बुजतात, बारीक कण एकमेकांत गच्च बसतात. रोपांच्या मुळाशी पाणी टिकावं म्हणून हे केलेलं असतं. पण भात कापून झाल्यावर, दिवाळीनंतरचं ऊन लागलं की तीच माती इतकी घट्ट आळते की कुदळ उसळून मागे येते. चेंडूला उसळी देणारी जमीन बैलाच्या नाहीतर पॉवर टिलरच्या मागे चिखलात चालणाऱ्या माणसाने आधीच करून ठेवलेली असते.

गेल्या जानेवारीत एका वाडीत हे पिच तयार होताना पाहत होतो. सगळे ज्यांना तात्या म्हणतात ते गृहस्थ मध्ये उभे, बाकीची पोरं त्यांच्या हाताखाली. आधी धसकटं काढायची. एक मुलगा ती उपटायला लागला तसे तात्या ओरडले, "उपटू नको रे, मुळाशी भोक पडतं. विळ्याने जमिनीलगत काप." मग दोन कुणग्यांमधला बांध फोडून त्याची माती सखल बाजूला ओढली. दोरी लावून बावीस यार्ड आखले. खळ्याला वापरतात ती बारीक चाळलेली माती घमेल्याने पसरली आणि संध्याकाळी झारीने पाणी मारलं. पाईप लावायला तात्यांनी साफ नकार दिला, कारण पाईपचं पाणी एका जागी साचतं आणि माती वाहून नेतं.

रोळ लगेच फिरवला नाही. रात्रभर पाणी मुरू दिलं. सकाळी तात्यांनी अंगठा दाबून पाहिला. ठसा उमटत होता, पण बोटाला माती लागत नव्हती. "आता फिरवा," ते म्हणाले, "दुपार झाली तर वरची पापडी सुटंल." लोखंडी रोळ चौघांनी ओढला, आधी लांबीने, मग आडवा, मग पुन्हा लांबीने. रोळ पोचत नाही त्या कडा लाकडी चोपण्याने चोपल्या. शेवटी खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडून पाहिला. तो गुडघ्याच्या वर आला तेव्हा कुठे तात्या बांधावर बसले. मोठ्या स्टेडियमातला क्युरेटर ओलावा मोजतो आणि रोलरच्या वजनाचा हिशेब ठेवतो. तात्यांचा अंगठा तेच काम करत होता.

या वाडीच्या स्पर्धेला कायमची जागा मात्र नाही. ज्या मळ्यात ती सुरू झाली तिथे आता हापूसची कलमं आहेत. दुसऱ्या जागेला जांभ्याचं कंपाऊंड पडलं. सात-बारावर नावं अनेक, त्यातली निम्मी मुंबईत, त्यामुळे परवानगी दर वर्षी नव्याने मागायची. चाकरमानी एक-दोन दिवसांसाठी येतात, चषकाची वर्गणी देतात आणि विचारतात, यंदा कुठल्या मळ्यात? जागा बदलली तरी माणसं बदलत नाहीत, म्हणून स्पर्धा तगून आहे.

याच रत्नागिरीच्या नावाचा एक व्यावसायिक संघ महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये खेळतो. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने २०२३ मध्ये ही लीग सुरू केली आणि अझीम काझीच्या नेतृत्वाखाली रत्नागिरी जेट्सने पहिल्याच वर्षी ती जिंकली. २०२४ मध्ये नाशिकच्या संघाला हरवून पुन्हा जिंकली. सलग दोन विजेतेपदं, पण या लीगचा एकही चेंडू रत्नागिरीत पडला नाही. सगळ्या संघांचे सगळे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियममध्ये होतात. इथून तिथे जायचं तर घाट चढून तीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. शाळकरी मुलाने आपला विजेता संघ फक्त पडद्यावर पाहिला.

कारण विचारलं की उत्तर एकच मिळतं: पाऊस. ते खोटं नाही. लीग जूनमध्ये होते, कारण ऑक्टोबरपासून खेळाडू रणजी आणि इतर स्थानिक स्पर्धांत अडकलेले असतात आणि उन्हाळा आयपीएलचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जूनमध्ये तो जोरात सुरू झालेला असतो. पण पाऊस गहुंजेलाही चुकलेला नाही. २०२३ची कोल्हापूर टस्कर्सविरुद्धची अंतिम लढत पावसाने वाहून गेली. साखळीत अव्वल असल्याने जेट्सला विजेता घोषित केलं गेलं. फरक इतकाच की तिथे कव्हर, निचरा, प्रकाशझोत आणि ते सांभाळणारी माणसं आहेत. लीगला लागतं तसं मैदान रत्नागिरीत नाही.

तसं मैदान करायचं ठरलं तर मला पावसाहून मोठी अडचण एप्रिल-मेच्या पाण्याची वाटते. जांभा पाणी धरून ठेवत नाही. चार महिने कोसळलेला पाऊस कातळातून झिरपून समुद्राला मिळतो आणि मार्च संपला की विहिरी तळ दाखवतात. शीळ धरणावर अवलंबून असलेल्या शहरात उन्हाळ्यात मैदानाला पाणी मारायचं तर लोकांच्या घागरीचा विचार आधी करावा लागेल. हा प्रश्न राज्याने पाहिलेला आहे. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर गेले. मुंबई आणि पुण्याच्या संघांना विशाखापट्टणम हे घर करावं लागलं. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून झालेल्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंजेला आले, तेव्हा त्याच न्यायालयाने मैदानासाठी पवना नदीचं पाणी उचलायला मनाई केली. संघ पाण्यामागे फिरतात, असं म्हणायला हरकत नाही.

मैदानावाचून संघ हलतो हे अमेरिकेतल्या फुटबॉलने जास्त तीव्रतेने भोगलं आहे. सॅन होजे शहरात स्टेडियम जमेना, म्हणून २००५च्या हंगामानंतर तिथला खेळाडूंचा अख्खा ताफा ह्यूस्टनला नेला गेला आणि त्याने २००६ व २००७ मध्ये लागोपाठ अजिंक्यपद मिळवलं. नाव, रंग आणि जुने विक्रम मात्र सॅन होजेकडे राहिले, आणि २००८ मध्ये तिथे पुन्हा संघ उभा राहिला. कोलंबसचा संघ ऑस्टिनला न्यायचं २०१७ मध्ये मालकाने बोलून दाखवलं तेव्हा प्रेक्षक रस्त्यावर आले, ओहायो राज्याने संघ हलवण्यावर बंधन घालणारा आपला कायदा पुढे केला, नवे मालक मिळाले आणि संघ गावातच राहिला. आपल्याकडे बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये तिथून दिल्लीला.  महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्येही पहिल्या वर्षी सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर ही नावं होती. तिसऱ्या हंगामात त्यांच्या जागी रायगड आणि सातारा दिसले. ज्या गावात सामना झालाच नाही, ते गाव आपलं नाव गेल्याची तक्रार तरी कुणाकडे करणार? रत्नागिरीचं नाव अजून शाबूत आहे. ते राहावं असं वाटत असेल तर काम आत्ताच सुरू व्हायला हवं.

त्यासाठी लगेच गॅलऱ्यांचं स्टेडियम नको. टर्फ विकेटला चिकण माती लागते. इथली तांबडी माती तशी फुगत नाही की धरत नाही, म्हणून चिकण काळी माती घाटावरून आणावी लागेल. मैदानाच्या बाकी भागाला जांभ्याचा झिरपणारा स्वभाव उलट उपयोगी आहे. फक्त उतार आणि चर नीट काढायला हवेत. पाण्यासाठी पावसाळ्यातच भरून ठेवता येईल असा मोठा झाकलेला तलाव हवा, नळाच्या पाण्याला हात न लावता. आणि बारा महिने पगारावर असलेले दोन-तीन ग्राउंड्समन. जेट्सचे लीगचे सामने जूनमध्ये गहुंजेलाच होऊ देत, पण निवड चाचणी, सराव शिबिर आणि जिल्ह्याच्या संघाशी एखादी लढत आयपीएलच्या दिवसांत, एप्रिलमध्ये, इथे होऊ शकते. तेव्हा आयपीएलमधले मोजके खेळाडू सोडले तर बाकीचे मोकळे असतात.

तात्यांना मी विचारलं, टर्फचं काम जमेल का? त्यांनी आधी माती कुठली येणार ते विचारलं, मग रोळ किती वजनाचा, मग पाणी कोण देणार. जेट्सच्या मालकांना आणि असोसिएशनला रत्नागिरीकरांनी हेच तीन प्रश्न विचारायला हवेत, आणि नगरपरिषदेला चौथा: जागा कुठली?