आत करूब, बाहेर कातडे

सिनायच्या रानात इस्राएली लोकांनी देवासाठी उभारलेल्या निवासमंडपाचे वर्णन बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या २६व्या अध्यायात येते. त्यातला मोठा भाग कापडांचा आणि त्यांच्या मापांचा. भाविक वाचक इथे भराभर पाने उलटतो. मला तर मंडपाचा सारा विचार या मापांतच दिसतो.

छताला चार थर. सर्वांत आत तलम लिनन, त्यात निळे, जांभळे आणि किरमिजी सूत आणि विणीतच काढलेले करूब, म्हणजे पंखधारी दिव्य जीव. असे २८ हात लांब आणि ४ हात रुंद १० पट्टे. त्यावर शेळीच्या केसांचे ३० हाती ११ पट्टे, मग लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी आणि सर्वांवर ‘तहश’ची. हा तहश कोण, यावर डुगाँगपासून बिज्जूपर्यंत तर्क लढवून झाले आहेत.

आता हिशेब मांडू. हात म्हणजे साधारण दीड फूट. भिंतींच्या फळ्या १० हात उंच, मंडप सुमारे १० हात रुंद. एका बाजूने चढून छतावरून दुसऱ्या बाजूला जमिनीपर्यंत यायला ३० हात कापड हवे. करूबांचे कापड २८ हातच, म्हणजे फळ्यांची जाडी सोडली तरी ते दोन्हीकडे हातभर अधांतरी राहते. मातीला टेकते ते शेळीच्या केसांचे. बेदुइनांचे काळे तंबू याच केसांचे असतात. पावसात धागे फुगतात आणि वीण आवळली जाते.

दुसरा हिशेब त्याहून देखणा. १० पट्ट्यांचे पाच-पाचाचे दोन जोड करून त्यांच्या काठांवरच्या ५०-५० निळ्या फाशांत ५० सोन्याचे आकडे घालून जोडायचे. पाच पट्टे म्हणजे २० हात. दारापासून मोजत गेले तर आकड्यांची रांग बरोबर तितक्याच अंतरावर येते. मंडपाचे दोन भाग करणारा पडदा, म्हणजे अंतरपट, याच आकड्यांखाली टांगावा, अशी स्पष्ट आज्ञा आहे. पलीकडे १० हातांचे परमपवित्रस्थान. केसांच्या थराला मात्र आकडे कांस्याचे.

कारागिरीही आत जाता जाता चढत जाते. मंडपाभोवतीच्या अंगणाची कनात साध्या लिननची, मंडपाच्या दारावरच्या पडद्याला रंगीत भरतकाम, करूब मात्र थेट आतल्या छतावर आणि अंतरपटावर. तालमूद या ज्यू ग्रंथाच्या मते भरतकाम सुईचे, म्हणून एकतोंडी. करूबांचे काम मागावरचे, दोन्ही अंगांनी चित्र दाखवणारे. आणि उभ्या मंडपात हे सर्वांत अवघड कापड पाहायला मिळायचे फक्त याजकांना.

पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस रंगांत महाभूते पाहतो: लिनन पृथ्वी, जांभळा समुद्र, निळा वायू, किरमिजी अग्नी. वाचायला झकास, पण ‘निर्गम’मध्ये याचा मागमूस नाही. मंडपाच्या वेगळेपणाची खरी खूण मला धाग्यांच्या मिश्रणात दिसते. लोकर आणि लिनन एकत्र विणलेले वस्त्र सामान्य इस्राएलीला वर्ज्य. परंपरेनुसार मंडपातले रंगीत सूत लोकरीचे, म्हणजे करूबांचे कापड नेमके तेच मिश्रण. घरी जे निषिद्ध, ते इथे विहित.

मुळात असा मंडप होता का? एकोणिसाव्या शतकात वेलहाउजेन या जर्मन अभ्यासकाने हा मंडप म्हणजे यरुशलेमच्या मंदिराची मागाहून रचलेली छाया ठरवली. पुढे १९६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ बेनो रोथेनबर्ग यांना इस्राएलमधल्या एलातजवळच्या तिम्ना खोऱ्यात, हाथोर या इजिप्शियन देवीच्या देवळात, लाल-पिवळ्या जाड कापडाचे अवशेष सापडले. त्यांवरून हे देऊळ एकेकाळी कापडाने आच्छादलेले असावे, असे त्यांनी मांडले. त्याच खोऱ्यातल्या, इ. स. पू. १००० च्या सुमाराच्या लोकरीच्या धाग्यांत समुद्री शंखांपासून काढलेला जांभळा रंग असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. याने ‘निर्गम’मधला मंडप सिद्ध होत नाही. पण वाळवंटात असे कापड आणि असा रंग असणे अशक्य होते, हा आक्षेप आता टिकत नाही.