सब्र करा म्हणण्याआधी

खालाजानच्या कर्करोगाच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि ठाकूरद्वारच्या आमच्या घरातली झोप उडाली. ‘सब्र करा, दुआ करा,’ आम्ही म्हणत राहिलो. त्या अधिकच गप्प झाल्या. भीती वाटते म्हणजे आपले ईमान कमकुवत, असे त्यांनी मनाला लावून घेतले होते. शेवटी आम्ही विचारले, ‘भीती कशाची वाटते?’ त्या रडल्या. ‘भूल दिल्यावर जाग आली नाही तर?’ डॉक्टरांनी सारे समजावले, तेव्हा कुठे त्या जेवल्या.

परळच्या टाटा रुग्णालयात मनोविकार विभागही आहे. उदासी दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना सांगा. जगणे नकोसे वाटले तर लगेच. टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते. दुआ तर करूच. पण आधी ऐकून घेऊ.