काँक्रीटची नाडी पाहणारा प्रकाशतंतू

बेंगळूरूच्या सिल्क बोर्ड चौकापासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा सुमारे १० किलोमीटरचा उन्नत मार्ग जानेवारी २०१० मध्ये वाहतुकीस खुला झाला. ऑगस्ट २०२५ पासून या परिसरात मेट्रोही उन्नत मार्गिकेवरून धावू लागली. खालून पाहताना अशी बांधकामे अचल भासतात. प्रत्यक्षात वाहनांचा भार, ऊन आणि गारवा यांमुळे ती सतत किंचित ताणली वा दाबली जात असतात.

मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या या बदलास 'विकृती' अथवा 'स्ट्रेन' म्हणतात. १ किलोमीटर लांबीत १ मिलिमीटर फरक पडला, तर ती १ मायक्रोस्ट्रेन होय. ताण साधारण १०० ते १५० मायक्रोस्ट्रेनपर्यंत पोहोचताच काँक्रीट तडकू लागते. म्हणूनच त्यात पोलादी सळया किंवा आवळलेल्या केबल घालतात.

दोष आत दडतो

अडचण अशी की, हे पोलाद डोळ्यांना दिसत नाही. गोव्यातील मांडवी नदीवरील नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा त्याचे वय जेमतेम दीड दशक होते. आतील केबल गंजल्या होत्या. बेंगळूरूचाच पीण्या उड्डाणपूल केबलमधील दोषांमुळे डिसेंबर २०२१ मध्ये वाहतुकीस बंद करावा लागला. तडा दिसण्यापूर्वीच आतील बदल कळावा, यासाठी प्रकाशतंतूंचे संवेदक उपयोगी पडतात.

कार्य कसे चालते?

दूरध्वनी व इंटरनेटसाठी वापरला जाणारा काचेचा तंतू केसाएवढा बारीक असतो. त्याच्या गाभ्यात अतिनील किरणांनी सूक्ष्म, समान अंतराच्या रेषांची जाळी कोरतात. तिला 'ब्रॅग ग्रेटिंग' म्हणतात. तंतूतून सोडलेल्या प्रकाशापैकी एकच ठरावीक तरंगलांबी ही जाळी परत पाठविते. सळईला चिकटविलेला तंतू सळईबरोबर ताणला गेला की रेषांमधील अंतर वाढते आणि परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही बदलते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात १ मायक्रोस्ट्रेनमागे हा बदल सुमारे १.२ पिकोमीटर असतो.

एकाच तंतूवर अशा अनेक जाळ्या बसविता येतात. काच गंजत नाही. शिवाय विजेवर धावणाऱ्या मेट्रोच्या विद्युतचुंबकीय उपद्रवाचा प्रकाशाच्या संदेशावर परिणाम होत नाही. कॅनडातील कॅलगरी येथील बेडिंग्टन ट्रेल पुलात १९९३ मध्येच असे संवेदक बसविण्यात आले होते.

मर्यादा आणि दक्षता

तापमान १ अंशाने वाढले तरी तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटरने सरकते, म्हणजे ८ मायक्रोस्ट्रेनचा आभास होतो. म्हणून शेजारी ताणमुक्त असा दुसरा तंतू ठेवून उष्णतेचा परिणाम वजा करावा लागतो. तसेच संवेदक जेथे बसविला, तेथीलच वृत्त तो सांगतो. त्यामुळे त्याच्या जागा विचारपूर्वक निवडाव्या लागतात आणि प्रत्यक्ष पाहणीही सोडून चालत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोंदींची. पासबुकात प्रारंभीची शिल्लकच नसेल, तर पुढील नोंदींवरून खात्याची खरी स्थिती कळत नाही. पुलाचेही तसेच आहे. वाहतूक सुरू होण्यापूर्वीचे पहिले मोजमाप जपून ठेवले आणि नंतरची मोजमापे वर्षानुवर्षे त्याच्याशी ताडून पाहिली, तरच भार उतरल्यावरही पूर्ववत न होणारी विकृती वेळीच लक्षात येते. तंतू केवळ वार्ता देतो. ती वाचून वेळेवर दुरुस्ती करणे हे मात्र माणसाचेच काम आहे.