न थरथरणारा सूर
(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर रविवारी इतकी गर्दी असते, की समुद्र असून नसल्यासारखा वाटतो. गाड्यांचे हॉर्न, घोडागाडीवाल्यांच्या हाका आणि शिवाय कुणीतरी मोठ्याने लावलेली गाणी. सोमवारी सकाळी मात्र सुरूच्या झाडांमधून वाऱ्याचा एकच लांब सूर येत राहतो. तो चढत नाही, उतरत नाही, आणि तरी कंटाळवाणा होत नाही. एमा कर्कबी या इंग्लिश गायिकेचा आवाज कसा आहे, असे मला कुणी विचारले की मी त्या सोमवारच्या सुराकडे बोट दाखवते.

पाश्चात्त्य संगीतात स्त्रीच्या सर्वांत उंच आवाजाला सोप्रानो म्हणतात. सोप्रानो म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या कानांपुढे एकच नमुना येतो. भरदार, टिपेचा आणि सारखा थरथरणारा आवाज. आपले नकलाकारही ऑपेराची नक्कल करताना छातीवर हात ठेवून नेमके तेवढेच थरथरतात आणि लोक हसतात. कर्कबीबाईंचा आवाज याच्या अगदी उलट आहे. स्वर लागतो तो सरळ लागतो. पाण्यात सोडलेला ओळंबा जसा स्थिर होतो, तसा तो जागेवर थांबतो. थरथर त्यांच्याकडे नाहीच असे नाही. पण एखाद्या शब्दाला उठाव द्यायचा असेल तेव्हाच ती येते, आपण मींड किंवा आंदोलन घेतो तशी.

त्यांचा जन्म १९४९ चा. ऑक्सफर्डला त्या ग्रीक आणि लॅटिन शिकल्या, पुढे शाळेत शिक्षिका झाल्या. गाणे हा आपला व्यवसाय होईल, असे त्यांच्या मनात नव्हते. हौशी गायकवृंदात गात असताना, १९७० च्या सुमारास, जुने संगीत जुन्या वाद्यांवर आणि जुन्या पद्धतीने वाजवून पाहू या म्हणणारी काही मंडळी इंग्लंडमध्ये एकत्र येत होती. त्यांना ल्यूट नावाच्या, आतड्याच्या तारांच्या हलक्या वाद्याबरोबर गाईल असा आवाज हवा होता. ऑपेराचा तयार गळा त्या वाद्याला पार झाकून टाकायचा. कर्कबींचा गळा झाकत नव्हता. ख्रिस्तोफर हॉगवूड यांनी १९८० मध्ये हॅन्डेलच्या 'मसाया'चे जे ध्वनिमुद्रण काढले, त्यात त्या गायल्या आणि जगभरच्या श्रोत्यांना हा आवाज माहीत झाला. २००७ मध्ये इंग्लंडने त्यांना 'डेम' हा किताब दिला. त्याच वर्षी बीबीसीच्या संगीतविषयक मासिकाने सर्व काळांतल्या वीस थोर सोप्रानो निवडल्या, त्यांत ऑपेराच्या महाराण्यांच्या रांगेत या शिक्षिकाबाई दहाव्या होत्या.

आता मुद्दा असा, की सरळ स्वरात एवढे विशेष ते काय? इथे आपला तानपुराच आपल्याला मदत करतो. चांगला जुळलेला तानपुरा छेडला, की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. कुठल्याही तारेवर तो लावलेला नसतो. षड्जाच्या पोटातून तो आपोआप निघतो. षड्ज चार वेळा हलतो तेव्हा हा गंधार पाच वेळा हलतो, इतके सोपे त्यांचे नाते आहे. पियानोवर किंवा हार्मोनियमवर मिळणारा शुद्ध गंधार याच्यापेक्षा किंचित चढा असतो. किती, तर अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांना आकाशवाणीचा इतिहास आठवावा. १९४० मध्ये तिने हार्मोनियमला दारच बंद केले आणि ते पुन्हा किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. त्या बंदीमागे इतरही मते-मतांतरे होती, पण श्रुतींचा प्रश्न त्यांत होताच. त्याआधी १९१० च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मोजमापे करत होते आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई त्यांत रस घेत होता.

युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या गायकांनाही हाच तानपुऱ्याचा गंधार हवा होता. त्यांचे संगीत चार, पाच, सहा गळ्यांचे. एक जण षड्ज धरतो, दुसरा पंचम, तिसरा गंधार. तिन्ही बरोबर बसले, की चौथाच कुणी गात असल्यासारखी आस घुमू लागते. यात एकाचा गळा थरथरला तर? ऑपेराच्या गळ्याची थरथर सेकंदाला पाच-सात वेळा होते आणि तिचा झोका कधी कधी अर्ध्या स्वराएवढा असतो. जिथे अर्धा स्वर हेलकावतो, तिथे त्याच्या सातव्या हिश्शाचा हिशेब कोण ठेवणार? म्हणून या संगीताला सरळ स्वर लागतो. हा काही नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

मग थरथर आली कुठून? तिचेही कारण आहे. एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहे मोठी झाली, वाद्यवृंद फुगला, तारा ताणल्या गेल्या. मायक्रोफोन नव्हता. साठ-सत्तर वाद्यांच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत एका बाईचा आवाज पोचवायचा, तर गळा वेगळ्याच पद्धतीने कमवावा लागतो, आणि अशा कमावलेल्या गळ्यात थरथर अखंड राहते. आपल्याकडे नाटकवाल्यांनी चढ्या पट्टीचा मार्ग धरला, त्यांनी हा धरला. दोघांची गरज एकच होती.

हे सगळे कळंबला बसून सांगण्याचे कारण वसईचा किल्ला. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी आप्पांनी तो जिंकेपर्यंत, तिथे पोर्तुगीज होते. फ्रान्सिस्कन, जेज्वीट, डॉमिनिकन अशा संघांची दगडी चर्चेस तिथे उभी राहिली. त्यांच्या भिंती आणि कमानी आजही आहेत, छपरे मात्र गेली. त्याच काळात रोममध्ये पालेस्त्रीना, स्पेनमध्ये व्हिक्टोरिया आणि पोर्तुगालमध्ये दुआर्ते लोबो अनेक गळ्यांचे संगीत रचत होते. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले, तेव्हा पालेस्त्रीनाला जाऊन तीनच वर्षे झाली होती. आणि ओवीत 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, म्हणजे विल्यम बर्ड या मोठ्या रचनाकाराच्या पिढीचे आणि देशाचे. आपण ज्याला 'त्यांचे' संगीत म्हणतो, ते आपल्या ओवीशी असे शेजारधर्माने राहिले आहे. किल्ल्यात त्या काळी नेमके काय गायले जात होते, याबद्दल मी कल्पनेचे इमले बांधणार नाही. पण त्या पडक्या भिंतींमध्ये उभे राहून एक लांब सूर लावून पाहा. छप्पर नसल्याने तो वर निघून जातो. दगडी छताखाली तोच सूर दोन-तीन सेकंद रेंगाळतो, आणि ते संगीत त्या रेंगाळण्यावर रचलेले आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुने गायक कर्कबींसारखेच गात होते, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चर्चमध्ये बायकांना गायला मनाई होती. उंच स्वर लहान मुले गात, नाहीतर वरच्या आवाजात गाणारे पुरुष. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे फारसे नवल वाटू नये. बायका गायच्या त्या मठांमध्ये आणि दरबारांत. इटलीतल्या फेरारा इथे १५८० नंतर गायिकांचा एक संच दरबारात गाजत होता. शिवाय मिखाएल प्रेटोरियस हा जर्मन संगीतकार १६१९ मध्ये लिहितो, की गायकाच्या आवाजात सुंदर कंप असावा, पण तो माफक असावा. म्हणजे थरथर तेव्हाही होती, प्रमाणात होती. कर्कबींचा अगदी निर्मळ सूर हा काही अंशी विसाव्या शतकाचा शोध आहे, असे अभ्यासक म्हणतात आणि मला ते पटते. काहींना तो थंड वाटतो, हेही मी समजू शकते. हिराबाई बडोदेकरांच्या गाण्याला भावना कमी म्हणणारेही असतीलच. पण हिराबाईंच्या षड्जाने ज्याचे डोळे कधी भरून आले, त्याला कर्कबींसाठी वेगळी तयारी करावी लागत नाही.

मला स्वतःला हा आवाज फार उशिरा भेटला. तरुणपणी एका गायकवृंदात मी वरचा सूर गात असे. तिथले शिक्षक म्हणाले, तुझा आवाज कोरा आहे, त्यात कंप आण. मी दोन वर्षे हनुवटी हलवून कंप आणण्याचा प्रयत्न केला. कंप आला नाही, होता तो सूरही गेला. मग मी गाणे सोडले. पुढे एकाने कर्कबींची ध्वनिफीत दिली तेव्हा पहिली प्रतिक्रिया आनंदाची नव्हती. रागच आला. कोऱ्या आवाजालाही घर असते, हे तेव्हा कुणी का सांगितले नाही? आजही लग्नात जुनी गाणी म्हणणाऱ्या आमच्याकडच्या बायका सरळ, मोकळ्या गळ्याने गातात आणि शिकलेल्या मुली त्यांच्या आवाजाला 'साधा' म्हणून नाक मुरडतात. लाउडस्पीकर लागला की त्या बायका गप्प होतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आता सत्तरीच्या पुढे आहेत.

ज्यांना हा आवाज ऐकून पाहायचा आहे, त्यांनी १९८१ मध्ये केलेल्या हिल्डेगार्डच्या गीतांच्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी. हिल्डेगार्ड ही बाराव्या शतकातली जर्मन जोगीण, मठाची प्रमुख. गीते तिची, शब्द लॅटिन. पहिल्याच गीतात खाली एक आधारस्वर अखंड धरलेला आहे आणि त्याच्यावर कर्कबींचा आवाज हळूहळू वर जातो. मी ते माझ्या आत्याला ऐकवले. तिला लॅटिन येत नाही. पाश्चात्त्य संगीताशीही तिचा संबंध नाही. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग तिने एवढेच विचारले, की हिच्या मागे तंबोऱ्यावर कोण बसलंय?