गावाची नाव

केरळच्या आलप्पुळा, कोट्टयम आणि पत्तनंतिट्टा या जिल्ह्यांत पसरलेला कुट्टनाड हा प्रदेश पाण्याचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या नद्या येथे संथ होतात व वेंबनाड सरोवराला मिळतात. येथील बरीचशी भातशेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. भोवती बांध घालून आणि आतील पाणी उपसून ती पिकवावी लागतात. अशा प्रदेशात होडी ही चैनीची वस्तू नसते. बाजारहाट, शाळा, लग्नाचे वऱ्हाड, शेतातील धान्य या साऱ्यांची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरूनच गेली. त्यामुळे कुट्टनाडात घरोघरी लहानमोठी होडी असणे स्वाभाविक होते. मात्र एक नाव अशी आहे, की जी कोणा एका घराला बाळगता येत नाही आणि चालवता तर मुळीच येत नाही. ती म्हणजे ‘चुंडन वळ्ळम’.

मल्याळम भाषेत ‘वळ्ळम’ म्हणजे होडी. चुंडन वळ्ळमची लांबी सामान्यतः १०० ते १३८ फूट, म्हणजे सुमारे ३० ते ४२ मीटर असते. रुंदी मात्र इतकी कमी, की एका ओळीत दोनच माणसे शेजारी बसू शकतात. तिचा मागचा भाग पाण्यावर सुमारे २० फूट उंच उचललेला असतो. दुरून पाहताना फणा उभारून पाण्यावरून सरकणाऱ्या नागाचा भास होतो. म्हणूनच बाहेरचे लोक तिला ‘सर्पनौका’ म्हणतात. फणसाच्या कुळातील ‘आंजिली’ नावाच्या वृक्षाचे लाकूड तिच्यासाठी वापरले जाते. हे लाकूड बळकट असून पाण्यात दीर्घकाळ टिकते. जुन्या काळी अंबलप्पुळा येथील राजांनी जलयुद्धासाठी अशा नौका बांधवून घेतल्या, अशी परंपरागत समजूत आहे. युद्धे संपली. नौका मात्र उरल्या आणि त्या गावांच्या झाल्या.

या नौकेवर सुमारे शंभर माणसे असतात. त्यांपैकी बहुतेक वल्हेकरी. ते पुढे तोंड करून बसतात. त्यांच्या हातातील आखूड वल्हे नावेला बांधलेले नसते. ते हातानेच पाण्यात रोवायचे आणि मागे ओढायचे असते. मागच्या उंच टोकाजवळ चार-पाच जण उभे राहून लांब वल्ह्यांनी नावेची दिशा सांभाळतात. मध्यभागी उभे असलेले काही जण लाकडी दांड्याने फळीवर ठोके देतात, तर काही जण गाणे म्हणतात. हे गाणे म्हणजे ‘वंचिप्पाट्टु’, अर्थात नौकागीत. मल्याळम साहित्यात नौकागीताला स्वतंत्र काव्यप्रकाराचा मान आहे. अठराव्या शतकातील कवी रामपुरत्तु वारियर यांनी कुचेलाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या सुदाम्याची, कथा याच प्रकारात रचली.

नावेवरील गाणे केवळ करमणुकीसाठी नसते. दोन वल्हेकऱ्यांमधील अंतर इतके थोडे असते, की एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पडले, तरी ते पुढच्याच्या किंवा मागच्याच्या वल्ह्यावर आदळते. मग त्या दोघांचीच नव्हे, तर साऱ्या ओळीची लय बिघडते आणि नावेचा वेग मंदावतो. येथे एकट्याच्या बळाला फारसे मोल नाही. शंभर जणांनी एकाच क्षणी वल्हे पाण्यात घातले, तरच त्या बळाचा उपयोग होतो. तो क्षण कोणता, हे गाणे आणि ठोके सांगतात.

अशी नाव बांधण्याचा व राखण्याचा खर्च मोठा असतो. तो पेलण्यासाठी गाव वर्गणी गोळा करते, कोठे घरोघर भाग ठरवून दिले जातात, तर कोठे परगावी नोकरी करणारे गावकरी हातभार लावतात. नावेचा कारभार गावाने निवडलेली समिती पाहते. चंबक्कुळम, पायिप्पाड, वीयपुरम, नडुभागम अशी या नौकांची नावे ऐकली, की ती गावांची वा त्यांतील भागांची नावे आहेत, हे ध्यानात येते. मराठीत ‘नाव’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. कुट्टनाडात ते दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. गावाची नाव जिंकली, की गावाचे नाव होते.

शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात येतो, यालाही कारण आहे. कुट्टनाडातील भाताचे मुख्य पीक पावसाळ्यानंतर पेरले जाते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस कापले जाते. जून ते ऑगस्ट या काळात शेते पाण्याखाली असतात व हातांना काम थोडे असते. मल्याळी पंचांगातील ‘कर्कटकम’ हा महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, पूर्वी तंगीचा मानला जाई. त्यामागून ‘चिंगम’ महिना आणि ओणमचा सण येतो. नद्या भरलेल्या, माणसे मोकळी आणि सण तोंडावर. अशा वेळी गावाची नाव पाण्यात उतरते.

परंतु ती उतरण्यापूर्वी पुष्कळ काम करावे लागते. हंगाम नसतो, तेव्हा नाव काठावरच्या लांब शाकारलेल्या छपराखाली ठेवलेली असते. ऊन आणि पाऊस या दोहोंपासून तिला जपावे लागते. लाकूड फार वाळले, तर फळ्यांमधील सांधे उघडतात, आणि फार भिजले, तर नाव जड होते. हंगाम जवळ आला, की सुतार बोलावले जातात. नौकाबांधणीची विद्या जाणणाऱ्या या कारागिरांना ‘आशारी’ म्हणतात. ते एकेक फळी तपासतात, कुजलेला भाग काढून नवे लाकूड बसवतात आणि सांधे बुजवतात. त्यानंतर नावेचे अंग घासून गुळगुळीत केले जाते. माशाचे तेल, नारळाच्या करवंटीची राख आणि अंडी यांचे मिश्रण तिला चोळण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे लाकूड टिकते आणि नावेचे अंग तुळतुळीत होऊन ती पाणी सहज कापते. या कामाला गावातील अनेक हात लागतात. ज्याला वल्हे मारता येत नाही, तो तेल चोळतो. ज्याच्याकडे तेही बळ उरले नाही, तो वृद्ध मागच्या दुरुस्तीच्या आठवणी सांगतो. त्या आठवणींचाही उपयोग होतो, कारण नावेच्या कोणत्या सांध्याने पूर्वी दगा दिला होता, हे त्यालाच ठाऊक असते.

सज्ज झालेली नाव पाण्यात उतरवण्याच्या समारंभाला ‘नीरणियल’ म्हणतात. त्या दिवशी पूजा होते, दिवा लावला जातो आणि सारे गाव काठावर जमते. कित्येक गावांत नावेला दैवताप्रमाणे मान देतात. तिच्यात चढताना पायांत पादत्राण घालत नाहीत.

यानंतर सरावाचे दिवस सुरू होतात. नौका चालवणाऱ्या मंडळांना येथे ‘बोट क्लब’ असे म्हणतात. मोठ्या शर्यतीपूर्वी मंडळाचे वल्हेकरी काही आठवडे एकत्र राहतात. सकाळी व्यायाम, नंतर पाण्यावरचा सराव, एकत्र जेवण आणि विश्रांती असा दिनक्रम असतो. शंभर माणसांचे दोन वेळचे जेवण शिजवणे हीच एक मोठी जबाबदारी असते. शर्यतींमधील एका लहान नौकाप्रकाराचे नाव ‘वेप्पु वळ्ळम’ असे आहे. ‘वेप्पु’ म्हणजे स्वयंपाक. पूर्वी मोठ्या नौकांबरोबर शिधा आणि चुलीसह अशी नौका जात असे. आज वेप्पु नौकांच्याही स्वतंत्र शर्यती होतात.

हंगामाची सुरुवात चंबक्कुळम येथील शर्यतीने होते. मिथुनम महिन्यात मूळ नक्षत्राच्या दिवशी ती भरते. अंबलप्पुळा येथील कृष्णमंदिरासाठी मूर्ती आणली जात असता वाटेत रात्र झाली आणि चंबक्कुळम येथील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी ती मुक्कामाला ठेवण्यात आली, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्या दिवशी आसपासच्या नौका मूर्तीसोबत मिरवत निघाल्या. त्या प्रसंगाची स्मृती या शर्यतीत जपली आहे.

पंपा नदीकाठी आरन्मुळा येथे हाच सोहळा वेगळ्या रूपात दिसतो. येथील नौकांना ‘पळ्ळियोडम’ म्हणतात व त्या पार्थसारथीच्या मंदिराशी जोडलेल्या आहेत. ओणमनंतर उत्तरा भाद्रपदा नक्षत्राच्या दिवशी त्या नदीवर एकत्र येतात. येथे वेगापेक्षा लय, गायन आणि शिस्त यांना अधिक महत्त्व दिले जाते. या हंगामात मंदिरात ‘वळ्ळसद्या’ नावाचे भोजन होते. नवस फेडणारा भाविक एखाद्या गावाच्या नौकेला निमंत्रण देतो. वल्हेकरी गात गात नदीतून येतात आणि केळीच्या पानांवर जेवायला बसतात. पानात साठाहून अधिक पदार्थ असतात. हवा असलेला पदार्थ गाण्यातून मागायचा आणि यजमानाने तो वाढायचा, अशी येथील सुंदर प्रथा आहे.

या परंपरेला देशभर ओळख मिळाली, ती १९५२ साली. त्या वर्षी २७ डिसेंबर रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आलप्पुळ्यास आले. त्यांच्या स्वागतार्थ सर्पनौकांची शर्यत ठेवण्यात आली होती. तीत नडुभागम ही नौका पहिली आली. शर्यतीचा थरार पाहून नेहरू सुरक्षेचा विचार बाजूला सारून विजयी नौकेत चढले. पुढे त्यांनी नौकेच्या आकाराचा चांदीचा चषक पाठवला. त्यातूनच पुन्नमडा सरोवरावरील शर्यतीची परंपरा सुरू झाली. प्रारंभी ‘पंतप्रधान चषक’ असलेली ही शर्यत आज ‘नेहरू चषक नौकाशर्यत’ म्हणून प्रसिद्ध आहे. सुमारे सव्वा किलोमीटरहून थोडे अधिक अंतर उत्तम नौका साडेचार मिनिटांच्या आत पार करतात. २०२४ च्या अंतिम फेरीत कारिच्चाल आणि वीयपुरम या नौकांमधील अंतर केवळ पाच सहस्रांश सेकंदांचे होते. विजय कारिच्चालला मिळाला.

प्रसिद्धीबरोबर प्रश्नही आले. शर्यतीतील यश आता शास्त्रशुद्ध सराव, खुराक आणि पैसा यांवर अवलंबून आहे. गावची तरुण मुले शिक्षण व नोकरीसाठी शहरांत किंवा आखाती देशांत जातात. त्यामुळे अनेकदा नाव एका गावाची आणि ती चालवणारे मंडळ दुसऱ्या गावाचे, असे घडते. काही मंडळे मानधन देऊन इतर राज्यांतील वल्हेकरीही आणतात. २०१९ पासून केरळच्या पर्यटन विभागाच्या पुढाकाराने नौकांची साखळी स्पर्धाही सुरू झाली. तिने मंडळांना उत्पन्नाचा मार्ग दिला. परंतु त्याबरोबर, जिंकणारे कोण, गाव की पैसा, हा प्रश्नही तीव्र झाला. स्त्रियांच्या सहभागाचा प्रश्नही आहेच. चुंडन वळ्ळम हे परंपरेने पुरुषांचे क्षेत्र राहिले. नेहरू चषकाच्या दिवशी स्त्रियांचे संघ ‘तेक्कनोडी’ या नौकांच्या शर्यतीत उतरतात आणि त्यांची लय पाहणाऱ्याला, हे क्षेत्र केवळ पुरुषांचे का असावे, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

निसर्गानेही या परंपरेची परीक्षा घेतली आहे. २०१८ च्या ऑगस्टमधील महापुरात कुट्टनाड बुडाले. त्या वर्षीची नेहरू चषक शर्यत नोव्हेंबरमध्ये घ्यावी लागली. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनाच्या साथीमुळे शर्यतीविना गेली. २०२४ साली जुलैअखेरीस वायनाडमध्ये दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली, तेव्हा शर्यत पुढे ढकलून २८ सप्टेंबरला घेण्यात आली. शर्यत नसलेल्या वर्षीही नावेला छप्पर लागते, सांधे तपासावे लागतात, तेल द्यावे लागते. बक्षीस नाही, प्रेक्षक नाहीत, तरीही हा खर्च आणि हे श्रम टळत नाहीत. मानधनावर आलेला वल्हेकरी अशा वर्षी येत नाही. नाव सांभाळायला गावच उरते. त्या दोन वर्षांनंतर २०२२ साली नौका पुन्हा पुन्नमडा सरोवरावर उतरल्या, त्यामागे हा न दिसणारा सांभाळ होता.

हंगाम संपला, की नाव पुन्हा काठावर ओढली जाते. समितीला जमाखर्चाचा मेळ घालायचा असतो, देणी फेडायची असतात आणि पुढील वर्षीच्या दुरुस्तीची तरतूद करायची असते. हार झाली असेल, तर तिची कारणे चहाच्या दुकानांत दीर्घकाळ चर्चिली जातात. इकडे शेतांतील पाणी उपसण्याचे काम सुरू होते आणि वल्हे धरणारे हात भाताच्या पेरणीकडे वळतात. साडेचार मिनिटांची शर्यत लाखो लोक पाहतात. वर्षाचे उरलेले दिवस नाव छपराखाली असते आणि तिच्याकडे लक्ष असते ते फक्त गावाचे. पुढच्या पावसाळ्यात ती पाण्यावर दिसेल की नाही, हे त्या दिवसांतच ठरते.